दोघी, चार दिवस, माणशी ४००० रुपये : मुंबई होईल का?

परभणीची_पोरगी

नमस्कार. मी परभणीची, एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सोबत माझी मावसबहीण, तिचं बीएड नुकतंच झालंय. आम्ही दोघींनी अजून समुद्र बघितलेला नाही. वर्षभर शिकवण्या घेऊन पैसे साठवलेत, देवगिरी एक्स्प्रेसचं येण्याजाण्याचं रिझर्वेशन झालंय आणि त्याचे पैसे वेगळे, म्हणजे ते सोडून माणशी ४००० रुपये हातात आहेत. गुरुवारी सकाळी सीएसएमटीला उतरायचं आणि रविवारी रात्रीच्या गाडीनं परत निघायचं, म्हणजे तीन रात्री राहावं लागतंय.

मुंबईत ओळखीचं कुणीच नाही. घरचे एकाच अटीवर तयार झालेत की राहायची जागा आधी पक्की पाहिजे आणि रोज रात्री फोन. मॉल, शॉपिंग, फिल्मसिटी असलं काही नको. समुद्र पोटभर बघायचाय, घारापुरी बघायचीय, जुन्या इमारती बघायच्यात, आणि मुंबईची लोक जे रोज खातात ते खायचंय. लोकलची मात्र भीती वाटायलीय, व्हिडिओ बघून बघून जास्तच. कुठं राहावं, कुठं आधी जावं, काहीच कळंना. एका ट्रॅव्हलवाल्याला विचारलं तर त्यानं दोन दिवसांचे माणशी सहा हजार सांगितले. जरा मार्ग दाखवा.

अलिबाग_रिटर्न

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. ४००० मध्ये मुंबईत तीन रात्री म्हणजे सगळे पैसे लॉजमध्ये जाणार आणि तुम्ही वडापाव खाऊन दिवस काढणार. समुद्रच बघायचा असेल तर मुरुड, काशीद, अलिबाग बरं, पाणी स्वच्छ, गर्दी कमी, घरगुती जेवण. मुंबईचा समुद्र बघून पहिल्यांदा समुद्र बघणाऱ्याची निराशा होईल असं मला मनापासून वाटतं.

चाळीतली_ताई

पोरी, ये तू बिनधास्त. वरच्या दादांचं राहण्याच्या खर्चाचं म्हणणं खरं आहे पण बाकीचं मला पटत नाही. मी गिरगावात जन्मले, इथेच साठी गाठली, आणि आमच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसं राहायची तेव्हा आमचा दिवाणखाना म्हणजे चौपाटी होती. आम्हाला कुणी कधी तिकीट विचारलं नाही. या शहरात जे सगळ्यात चांगलं आहे ते अजूनही फुकट आहे, पैसे लागतात ते रात्री पाठ टेकायला. तेवढं नीट जमवलं की झालं.

गुरुवारी सकाळी सीएसएमटीला उतराल तर तिथून लगेच पळू नका. वेटिंग रूममध्ये तोंडबिंड धुवा, बॅगा क्लोक रूममध्ये टाका. आणि हे आत्ताच लिहून ठेव, रेल्वेच्या क्लोक रूममध्ये बॅगेला कुलूप नसेल तर घेत नाहीत, परभणीतूनच दोन छोटी कुलुपं घेऊन निघा, स्टेशनबाहेर तीच दुप्पट भावाला मिळतात.

मग बाहेर येऊन रस्ता ओलांडा आणि समोरून स्टेशनाकडे बघत उभ्या राहा. आम्ही रोज त्याच्या पोटातून जातो आणि वर बघत नाही. फाटकाच्या दोन खांबांवर एकीकडे सिंह आणि एकीकडे वाघ बसलाय, सिंह इंग्लंडचा आणि वाघ आपला. घुमटाच्या टोकावर हात उंचावलेली बाई आहे ती प्रगतीची मूर्ती. भिंतीवर मोर, माकडं, पानं, वेली, नुसतं बघत राहिलीस तरी अर्धा तास जाईल. फ्रेडरिक स्टीव्हन्स नावाच्या आर्किटेक्टनं बांधलं, १८७८ ला काम सुरू झालं आणि दहा वर्षं चाललं, २००४ साली युनेस्कोच्या यादीत गेलं. याला एक रुपया लागत नाही.

तिथून चालत हुतात्मा चौक, मग हॉर्निमन सर्कल. तिथे एशियाटिक लायब्ररीच्या पायऱ्यांवर बसा, १८३३ ची इमारत आहे ती, टाउन हॉल. दुपारी ऊन चढलं की समोरच्या बागेत सावली असते. मग काळा घोडा, जहांगीर आर्ट गॅलरी (फुकट, आणि दर आठवड्याला नवीन चित्रं), आणि तिथून गेटवे. सगळं मिळून तीन किलोमीटरच्या आसपास, म्हणजे तुम्हा पोरींना काहीच नाही. जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला काळा घोडा फेस्टिव्हल असतो, तोही फुकट, तुमच्या तारखांत बसतो का बघून घे.

परतीला ओव्हल मैदानाच्या मधोमध थांबा. एका हाताला राजाबाई टॉवर, युनिव्हर्सिटी, हायकोर्ट, सगळं टोकदार दगडी काम, आणि दुसऱ्या हाताला १९३० च्या दशकातल्या गोल बाल्कन्यांच्या इमारती, बोटीसारख्या दिसतात. मधे पोरं क्रिकेट खेळतात, एकाच मैदानात दहा-बारा मॅचेस, कुणाचा फिल्डर कुणाच्या पिचवर उभा असतो पण भांडण होत नाही. हे सगळं मिळूनच २०१८ ला युनेस्कोनं घेतलं.

संध्याकाळी मरीन ड्राइव्ह. उठायची घाई करू नका.

कसारा_लोकल

लोकलबद्दल मी सांगतो, रोज आसनगाव ते सीएसएमटी करतो, चौदा वर्षं झाली.

भीती वाटणं बरोबर आहे पण ती वेळेची गोष्ट आहे. सकाळी साधारण साडेसात ते अकरा गर्दी मुंबईच्या दिशेनं वाहते आणि संध्याकाळी साडेपाच ते नऊ उलटी. तुम्ही नेहमी उलट्या दिशेनं जायचं, एवढं एकच पाळलं तर बसायला जागा मिळेल. सकाळी नऊला चर्चगेटकडे जाणाऱ्या फास्टमध्ये बॅगा घेऊन चढायचा विचारसुद्धा करू नका, त्याच वेळी बोरिवलीकडे जाणारी गाडी निवांत असते.

तिकिटाचं म्हणाल तर टुरिस्ट पास मिळतो, एक, तीन आणि पाच दिवसांचा. मी गावाकडच्या पाहुण्यांना काढून दिला तेव्हा सेकंड क्लासचा पाच दिवसांचा १३५ रुपये होता. वेस्टर्न, सेंट्रल, हार्बर तिन्हीवर चालतो. एसी लोकलमध्ये चालत नाही, आणि फर्स्ट क्लासमध्येही नाही, तो डबा डब्यावरच्या पट्ट्यांवरून आणि लिहिलेल्या अक्षरावरून ओळखा, चुकून चढलात तर दंड भरावा लागतो. तुम्ही महिला डब्यातच चढा. डब्यावर बाईचं चित्र असतं. रात्री उशिरा महिला डब्यात पोलीस असतो. काही वाटलं तर १३९ ला फोन.

इंडिकेटरवर F म्हणजे फास्ट, S म्हणजे स्लो. कळलं नाही तर प्लॅटफॉर्मवरच्या कुठल्याही बाईला विचारा, "ही अंधेरीला थांबते का?" एवढंच, अख्खा डबा उत्तर देतो. पण संध्याकाळी अंधेरी-बोरिवलीला उतरायचं असताना विरार फास्टमध्ये चढू नका. लांबची माणसं उभी राहून जाणार असतात, मधे उतरणाऱ्याला वाट मिळत नाही आणि बोलणीही खावी लागतात.

रविवारी मेगाब्लॉक बघा! दर रविवारी कुठल्या ना कुठल्या लाइनवर दुरुस्तीसाठी गाड्या बंद किंवा वळवलेल्या असतात, साधारण अकरा ते चार. आदल्या दिवशी पेपरात आणि रेल्वेच्या पेजवर येतं. तुमची परतीची गाडी रविवारीच आहे म्हणून जोर देऊन सांगतोय, रविवारी सकाळी दहाच्या आत दक्षिण मुंबईत पोचा.

बेस्टची बस विसरू नका. मे २०२५ ला भाडं वाढलं तरी साधी १० आणि एसी १२ पासून सुरू होते. रिक्षा वांद्रे आणि सायनच्या पुढं खाली येत नाहीत, खाली फक्त काळी-पिवळी टॅक्सी, मीटर ३१ पासून. मीटर टाकायला सांगा, नाही म्हणाला तर दुसरी बघा.

परभणीची_पोरगी

ताई आणि दादा, खूप खूप आभार, बहिणीला वाचून दाखवलं तर ती लगेच कुलुपं आणायला निघाली 🙂 पण मुख्य गोष्ट राहिली, राहायचं कुठं? घरी तेच विचारायलेत. दादरला लॉज बघितले, एका रात्रीचे दोघींचे दोन हजारच्या पुढं सांगायलेत.

जालन्याचा_पांथस्थ

मी मागच्या वर्षी एकटा पाच दिवस राहून आलो, आपल्याच देवगिरीनं. राहण्याचं माझं चुकलं होतं ते आधी सांगतो म्हणजे तुमचं चुकणार नाही. मी स्टेशनजवळचा एक लॉज फोनवर ठरवला, ८०० म्हणाले, पोचलो तर ती खोली भरलीय, आता १४०० ची आहे म्हणे. सकाळी सहाला अंगात त्राण नव्हतं, दिले. खोलीला खिडकी नव्हती, संडास बाहेर, आणि दुसऱ्या दिवशी सोडतो म्हटलं तर ॲडव्हान्स परत देईनात. त्यामुळं फोनवर तोंडी काहीही ठरवू नका, बुकिंगचा मेसेज किंवा मेल हातात पाहिजे ज्यात रक्कम लिहिलेली असेल.

मग मी अंधेरीत एका बॅकपॅकर हॉस्टेलमध्ये गेलो. एका खोलीत सहा-आठ बंक बेड, प्रत्येकाला लॉकर, पडदा, चार्जिंग. महिलांची डॉर्म वेगळी असते, बुक करताना 'फीमेल डॉर्म' असंच निवडायचं. बेड साधारण सातशे-आठशेला मिळतो, शुक्रवार-शनिवार वाढतो म्हणून तीन रात्री एकदमच बुक करा. तिथं बंगळुरूच्या, कोलकात्याच्या मुली एकट्या आलेल्या होत्या, काही इंटरव्ह्यूला, काही नुसत्या फिरायला. घरच्यांना सांगा की रिसेप्शनला रात्रभर माणूस असतो, आधार कार्डाची नोंद होते. हॉस्टेल ठरवताना फोन करून हे दोन्ही विचाराच.

दुसरा पर्याय, स्टेशनच्या रिटायरिंग रूम आणि डॉर्मिटरी, तुमच्या कन्फर्म पीएनआरवर आयआरसीटीसीवरून बुक होतात. स्वस्त आणि सुरक्षित, पण लवकर भरतात. मुंबई सेंट्रलला २०२१ पासून पॉड हॉटेल आहे, एका माणसाची झोपायची पेटीच म्हणा ना, पण तीन रात्रींचा हिशोब केला तर तुमच्या बजेटच्या बाहेर जाईल.

अंधेरी लांब वाटेल पण तुम्हाला फायद्याचं आहे. सीएसएमटीवरून हार्बरची अंधेरी किंवा गोरेगाव लोकल सरळ मिळते, तिथूनच सुटते म्हणून बसायला जागा. कान्हेरीची लेणी अंधेरीहून जवळ, आणि वर्सोवासुद्धा.

अलिबाग_रिटर्न

डॉर्मचं मला माहीत नव्हतं. आमच्या वेळी असं काही नव्हतं, लॉज किंवा नातेवाईक. सातशेत बेड मिळत असेल तर माझा हिशोब चुकला. जा तुम्ही.

वेसाव्याची

मी वेसावे, म्हणजे वर्सोव्याच्या कोळीवाड्यातली. अलिबागवाले भाऊ म्हणाले मुंबईचा समुद्र बघून निराशा होईल, तर त्याचं कारण लोक समुद्र कधीही बघायला जातात, वेळ बघत नाहीत. ओहोटीला गेलात तर चिखल, खडक आणि त्यात अडकलेला कचरा दिसतो. तोच किनारा सहा तासांनी बघा.

आमच्याकडे बायका-माणसं सगळी एक हिशोब तोंडपाठ ठेवतात, तुम्हाला देते. तिथीला पाऊणने गुणायचं, जो आकडा येईल ती पूर्ण भरतीची वेळ, सकाळची पण आणि रात्रीची पण. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन वाजता भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा धरायचे, म्हणजे सव्वा अकरा, खरं तर बाराच्या आसपासच. त्याच्या सहा तास पुढं-मागं ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडं तिकडं होतं पण कालनिर्णय भिंतीवर असेल तर मोबाइल लागत नाही.

तू तारखा सांग, मी तिथी बघते.

परभणीची_पोरगी

२९ जानेवारी ते १ फेब्रुवारी. काकू हे गणित मला फारच आवडलं!! आम्ही फिजिक्समध्ये टाइड्स शिकलो, चंद्र रोज पन्नास मिनिटं उशिरा उगवतो वगैरे, पण तिथीवरून असं थेट काढता येतं हे कुणीच सांगितलं नव्हतं. पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटं, जवळजवळ जुळतंय की.

वेसाव्याची

हो ना बाळा. तर गुरुवारी एकादशी. अकरा गुणिले पाऊण, सव्वा आठ. म्हणजे तुम्ही पहिल्या संध्याकाळी मरीन ड्राइव्हला बसाल तेव्हा पाणी चढत असेल आणि आठ-साडेआठला पूर्ण भरलेलं. ताईंनी सांगितलंय तसं घाई न करता बसाच. सहा वाजता पाणी दगडांच्या खाली असेल, मग हळूहळू त्या चार पायांच्या सिमेंटच्या ठोकळ्यांमध्ये शिरायला लागेल आणि आवाज बदलेल, आधी खळखळ, नंतर पोकळीत कुणी दार आपटल्यासारखा. त्या ठोकळ्यांवर उतरू नका, शेवाळ असतं, पाय सटकला की माणूस मधल्या फटीत जातो. कट्ट्यावर बसूनच सगळं दिसतं.

रविवारी माघ पौर्णिमा. दुपारी बाराला मोठी भरती, पौर्णिमेची म्हणजे उधाणाची. हाजीअलीच्या दर्ग्याकडे जाणारी वाट भर भरतीला पाण्याखाली जाते, त्यामुळे दुपारी जाऊ नका.

शनिवारी संध्याकाळी आमच्याकडे या. अंधेरीहून मेट्रोनं वर्सोवा, तिथून शेअर रिक्षानं जेट्टी, आणि जेट्टीवरून मढला जाणारी फेरी बोट. माणसं, मोटारसायकली, मासळीच्या पाट्या, सगळं एकाच बोटीत. पाच मिनिटांचा प्रवास आणि भाडं चहाच्या पैशांत. वाळत घातलेले बोंबील बांबूच्या वलांडीवर माळेसारखे टांगलेले दिसतील, वास येईल, नाकाला हात लावू नका, बायका बघत असतात आणि त्यांना वाईट वाटतं. फोटो काढायचा तर आधी विचारा, कुणी नाही म्हणत नाही. मढच्या पुढं अक्सा बीच आहे, तिथं वाळूत उभ्या राहा पण पाण्यात उतरू नका. तिथल्या वाळूला भरवसा नाही, आमचे पोहणारे पण तिथं जपून असतात, दर वर्षी बाहेरून आलेली पोरं जातात.

चाळीतली_ताई

बाई गं, किती छान सांगितलंत. मी एवढी वर्षं चौपाटीजवळ राहून मला हा हिशोब माहीत नव्हता.

शुक्रवारी घारापुरी करा, सोमवारी बंद असते पण तुम्हाला प्रश्न नाही. गेटवेवरून सकाळी नऊच्या सुमाराला पहिली बोट सुटते, येऊन-जाऊन अडीचशेच्या घरात, लेण्याचं तिकीट ४० आणि ग्रामपंचायतीचा थोडा कर. डिसेंबर २०२४ च्या अपघातानंतर लाइफ जॅकेट देतात, उकडलं तरी काढू नका. जेट्टीवरची छोटी गाडी घेऊ नका, चालत जा, दोन्हीकडं पाणी असतं. पायऱ्यांवर माकडं आहेत, हातात खाऊची पिशवी दिसली की हिसकावतात. आत गेलं की एकदम त्रिमूर्तीकडे धावू नका, दोन मिनिटं अंधाराला डोळे सरावू द्या. वीस फुटांच्या आसपास उंच आहे ती, आणि डोळे मिटलेले आहेत.

आता एक गंमत सांगते, या बेटाला पोर्तुगीजांनी एलेफंटा म्हटलं ते तिथल्या एका मोठ्या दगडी हत्तीमुळे. इंग्रज तो १८६४ साली विलायतेला न्यायला निघाले, उचलताना साखळी तुटली आणि तुकडे झाले. नंतर १९१४ ला ते तुकडे जोडून उभा केला, तो आज भायखळ्याला राणीच्या बागेत भाऊ दाजी लाड म्युझियमच्या बाहेर उभा आहे. जवळ जाऊन बघ, जोड दिसतात. म्युझियम १८७२ चं, तिकीट किरकोळ, आत जुन्या मुंबईची छोटी छोटी मॉडेल्स आहेत, आमच्यासारख्यांच्या चाळींची पण. बुधवारी बंद. रविवारी तुमच्या गाडीच्या आधी हे करा आणि संध्याकाळी बाणगंगा. वाळकेश्वरला बसनं जाता येतं. समुद्र हाकेवर आणि कुंडातलं पाणी गोडं. दगडी पायऱ्या चारी बाजूंनी उतरत जातात, बदकं फिरतात, कुणी दिवा सोडत असतं.

खाण्याचं: दुपारी उडप्याकडे राइस प्लेट, पोट भरतं. सकाळी धोबी तलावला कयानीमध्ये बनमस्का आणि चहा, १९०४ पासून आहे. दादरला कीर्ती कॉलेजजवळचा वडापाव, त्याच्यावर बेसनाचा कुरकुरीत चुरा घालून मागा. शिवाजी पार्कजवळ प्रकाशकडे साबुदाणा वडा आणि पियूष, एकादशी आहे ना गुरुवारी, उपास असेल तर तिथंच. आणि बायकांसाठी एक महत्त्वाचं, म्युझियम, हॉटेल, मोठं स्टेशन जिथं बरी सोय दिसेल तिथं जाऊन घ्यायचं, पाणी कमी पिऊन दिवस काढायचा नाही, मी त्यानं आजारी पडलेय.

कसारा_लोकल

शनिवारी सकाळी कान्हेरीला सहाच्या गाडीनं निघण्यात अर्थ नाही, ती लेणी बोरिवलीच्या नॅशनल पार्कात आहेत आणि पार्कचं गेट साडेसातला उघडतं. बोरिवली पूर्वेला उतरून चालत गेट. आत लेण्यांपर्यंत सहा-सात किलोमीटर आहे, बस मिळते, चालायला गेलात तर दिवस जाईल. १०९ लेणी, मला विचाराल तर घारापुरीपेक्षा तिथं जास्त वेळ द्या. मूर्तींबरोबर तिथलं पाणी बघा. जवळजवळ प्रत्येक लेण्याच्या दाराशी दगडात खोदलेलं टाकं, आणि वरच्या खडकावर बोटभर रुंदीच्या चऱ्या, पावसाचं पाणी थेट टाक्यात यावं म्हणून. आमच्या आसनगावला उन्हाळ्यात टँकर येतो, तिथं उभं राहिलं की मला दर वेळी ते आठवतं.

जालन्याचा_पांथस्थ

शनिवारी कान्हेरी आणि मढ दोन्ही नको करू, पाय उचलणार नाहीत. एक निवड.

कसारा_लोकल

होतं हो, कान्हेरी एकला संपवली तर हॉस्टेलवर दोन तास झोपून पाचला वर्सोवा. वाटेतच आहे.

परभणीची_पोरगी

(३ फेब्रुवारी)

आलो घरी. हिशोब आधी, कारण माझ्यासारखं कुणीतरी हा धागा शोधत येईल. माणशी: फीमेल डॉर्म तीन रात्री २२५०, लोकलचा पास १३५, बस, मेट्रो, शेअर रिक्षा, फेरी १९०, घारापुरी सगळं मिळून ३१०, खाणं चार दिवसांचं ८७०, म्युझियम, कान्हेरी आणि क्लोक रूम १२०. एकूण ३८७५. सव्वाशे रुपये परत आणले.

कान्हेरी आणि मढ दोन्ही झालं दादा, मधे झोपलो म्हणून. विरार फास्ट एकदा समोर आली होती, बहीण चढायलाच निघाली होती, मागं ओढली तिला. महिला डब्यात एक बाई मेथी निवडत बसल्या होत्या, आम्ही बघायलोत म्हणल्यावर त्यांनी अर्धी जुडी बहिणीच्या मांडीवर ठेवली, घाटकोपर येईपर्यंत आम्ही तिघींनी निवडून संपवली. मावशींनी उतरताना पत्ता दिला, पुढच्या वेळी घरी या म्हणाल्या.

पण मला खरं सांगायचंय ते गुरुवारचं. साडेपाचला आम्ही मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर बसलो. पहिल्यांदा बघितल्यावर मला वाटलं होतं तसं काहीच झालं नाही, नुसतं सपाट, राखाडी, धरणासारखंच. येलदरीचं धरण भरल्यावर असंच दिसतं. मी काही बोलले नाही, बहीण पण गप्प होती. मग सूर्य गेला, दिवे लागले, आणि सातच्या पुढं खालून आवाज यायला लागला. आधी लक्षातच आलं नाही. काकू, तुम्ही दार आपटल्यासारखा म्हणाला होता तसाच, बरोबर तसाच. बसलेल्या कट्ट्यातून अंगाला कळायला लागलं. आठ वाजून दहा मिनिटांनी पहिल्यांदा पाणी वर उडून चेहऱ्यावर आलं. बहिणीनं ओठ चाटले आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "खारटंय गं खरंच." आणि रडायलाच लागली. मी आईला फोन लावला आणि काही न बोलता मोबाइल दगडांकडं धरला. आई तिकडून विचारत होती, पाऊस पडायलाय का?

काकू, ताई, आसनगावचे दादा, जालन्याचे भाऊ, अलिबागवाले काका, तुम्ही सगळ्यांनी एवढा वेळ दिला. पुढच्या दिवाळीनंतर आईला घेऊन यायचंय. तिचे गुडघे दुखतात, घारापुरीच्या पायऱ्या जमणार नाहीत. तिला बोटीत बसवायचंय फक्त. सोपं काय राहील?

वेसाव्याची

आईला फार चालावं लागणार नाही अशी बोट हवी तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी मोठी रो-रो बोट घे. गाड्या सुद्धा आत जातात तिच्यात, हलत कमी, बसायला खुर्च्या, संडास आत. डॉकयार्ड रोड स्टेशनला उतरायचं आणि तिथून टॅक्सी. सप्तमी-अष्टमीच्या दिवसांत आण, तेव्हा भांगाची म्हणजे लहान भरती असते, पाणी शांत असतं. तारीख ठरली की मला इथं सांग, मी तिथी बघते.